बटण, पाटी की नजर? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठीच्या संवादसाधनांचं परीक्षण

तोंडाने न बोलणाऱ्या मुलासाठी साधन घ्यायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष आधी स्क्रीनकडे जातं. स्क्रीन केवढी, आवाज कसा, चित्रं किती. पण घेतलेलं साधन कपाटात का पडून राहिलं हे शोधायला गेलं तर सॉफ्टवेअर क्वचितच दोषी निघतं. खुर्ची चुकलेली असते, बटण नको त्या बाजूला लावलेलं असतं, नाहीतर समोरचा माणूस उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न टाकत असतो. म्हणून या परीक्षणात खुर्चीला साधनाइतकीच जागा दिली आहे. आमच्या पसंतीचा क्रमही कॅटलॉगच्या क्रमापेक्षा वेगळा आहे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं. मेंदूला इजा होते ती गर्भात, जन्माच्या सुमारास किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत. ही इजा पुढे वाढत नाही, शरीर मात्र वाढत राहतं. हाडं लांबतात, घट्ट स्नायू त्यांच्या वेगाने लांबत नाहीत, खुबा सरकू लागतो, पाठीला बाक येतो. गेल्या वर्षी नेमक्या जागी असलेलं बटण यंदा हाताला न लागण्याचं कारण हेच. मूल ‘मागे गेलं’ असं घाईने म्हणू नये.

साधन निवडताना प्रकार माहीत असावा लागतो. सर्वांत जास्त आढळते ती स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठर असलेली. यात हालचाल हळू आणि तोकडी असते, पण कुठे जाणार हे बरंचसं सांगता येतं. डिस्कायनेटिक प्रकारात स्नायूंचा ताण क्षणाक्षणाला बदलतो. हात नेमका हवा तेव्हाच भलतीकडे जातो, आणि मूल जितका जोर लावतं तितकं शरीर जास्त पिळवटतं. अ‍ॅटॅक्सिक प्रकार कमी आढळतो. त्यात हात थरथरतो आणि लक्ष्याच्या पुढे निघून जातो. ताठर हाताला मोठं बटण चालतं, पिळवटणाऱ्या हाताला तेच बटण छळ वाटू शकतं.

बोलण्याचंही असंच आहे. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास हे सगळं स्नायूंवर चालतं. श्वास पुरेसा धरून ठेवता आला नाही की दोन शब्दांत आवाज संपतो. जिभेला वेळेवर जागा बदलता आली नाही की व्यंजनं एकमेकांत मिसळतात. लाळ गळते ती बहुतेकदा जास्त तयार होते म्हणून नव्हे, गिळणं वेळेवर होत नाही म्हणून. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चार मुलांपैकी साधारण एकाला बोलता येत नाही. यातून कळण्याची क्षमता किती आहे याचा काहीच अंदाज बांधता येत नाही. बोलणं अजिबात नसलेल्या मुलाला घरातलं सगळं बोलणं समजत असू शकतं, आणि बऱ्यापैकी बोलणाऱ्याला लांब वाक्य समजायला अवघड जाऊ शकतं.

मुलाच्या वैद्यकीय फायलीत तीन मोजपट्ट्या सापडतील. जीएमएफसीएस ही १९९७ची, उठणं-बसणं-चालणं यासाठी. एमएसीएस २००६ची, हाताच्या कामासाठी. सीएफसीएस २०११ची, संवादासाठी. तिन्हींत पाच पातळ्या आहेत, पहिलीत अडचण सर्वांत कमी. संवादसाधन विकणारे बहुतेक पहिली पट्टी विचारतात. आम्ही शेवटची आधी बघू. तीत तोंडाचं बोलणं, खुणा, पाटी, यंत्र सगळं धरलं जातं आणि प्रश्न एकच असतो : ओळखीच्या आणि अनोळखी माणसाशी, कोणत्या वेगाने, निरोप पोचतो का? फक्त घरच्यांशी जमतं ती तिसरी पातळी. परक्यांशीही जमतं पण वेळ लागतो ती दुसरी. साधन चांगलं की वाईट हे ठरवायला याहून सरळ कसोटी नाही.

खुर्ची

डोकं स्थिर नसेल तर नजर स्थिर राहत नाही, खांदे स्थिर नसतील तर हात नेम धरत नाही, आणि दोन्ही अवलंबून असतात पेल्व्हिसवर, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्यावर. म्हणून तपासणी खालून वर. बूड पाठीला पूर्ण टेकलेलं हवं. पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वरच्या घडीत हवा, बैठकीशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन करून. पोटावर बांधलेला पट्टा श्वास दाबतो आणि मूल त्याखालून पुढे घसरतं. बैठकीची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचं माप, ठरवताना बुडाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा आणि त्यातून ३ ते ५ सेंटिमीटर वजा करा. ही खोली जास्त असेल तर मूल गुडघे वाकवण्यासाठी पुढे सरकतं आणि पाठ गोल होते. पुढे आठवडाभर सगळे ‘पाठ सरळ कर’ म्हणत बसतात.

पावलं टेकलेली हवीत. लोंबकळणाऱ्या पावलांनी पायांचा ताण वाढतो आणि तो वर चढतो. ट्रे कोपराच्या उंचीला किंवा एक-दोन सेंटिमीटर वर असावा. त्याहून वर गेला की खांदे उचलले जातात आणि हात पुढे यायचा थांबतो. मांड्यांच्या मधला ठोकळा पाय जवळ येऊ नयेत म्हणून असतो. घसरणं थांबवायला तो वापरला जात असेल तर पट्टा किंवा खोली चुकलेली आहे.

मागे झुकवण्याचे दोन प्रकार विक्रेते एकाच नावाने खपवतात. एकात फक्त पाठ मागे जाते, दुसऱ्यात बैठक आणि पाठ एकत्र मागे झुकतात. पहिल्यात कमरेचा कोन उघडतो आणि ताठर मुलाचं सगळं शरीर कमानीसारखं ताणलं जाऊ शकतं. परत वर आणलं की मूल पुढे घसरलेलं असतं, पाठीची कातडी घासलेली असते. संवादासाठी दुसरा प्रकार घ्यावा. मात्र खुर्ची झुकवली की स्क्रीनही तितकीच झुकवावी लागते, नाहीतर मुलाला छत दिसतं आणि तुम्हाला वाटतं लक्ष नाही.

पायाच्या स्प्लिंटबद्दल, म्हणजे पाऊल आणि घोटा धरून ठेवणाऱ्या साच्याबद्दल, थोडक्यात : टाच पूर्ण खाली बसवून आधी घोट्याचा पट्टा आवळा, मग वरचा. काढल्यावरचा लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर दुरुस्तीला द्या. दुखणाऱ्या पायाने कोणी बोलत नाही. सेरेब्रल पाल्सीत चारपैकी तिघांना कुठे ना कुठे वेदना असते, तेव्हा ‘आज मूड नाही’ म्हणण्याआधी बूट उघडून बघावा.

साधन नसलेलं साधन : हो आणि नाही

काहीही विकत घेण्याआधी खात्रीचं ‘हो’ आणि खात्रीचं ‘नाही’ पक्कं करायला हवं. पापणी मिटणं ‘हो’साठी वापरू नका, ती आपोआपही मिटते. ‘हो’ला वर बघणं आणि ‘नाही’ला बाजूला बघणं ही जोडी बऱ्याच मुलांना जमते. मान हलवणं मात्र डिस्कायनेटिक मुलाला फसवतं, कारण मान स्वतःच हलत असते. दोन्ही उत्तरांना वेगळी, दिसणारी हालचाल हवी. ‘काही केलं नाही म्हणजे नाही’ असं धरलं तर थकलेलं मूल दिवसभर नकार देत असल्यासारखं दिसतं.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. हे ऐकायला सोपं आहे. तिसऱ्या आकड्याला बहुतेक मोठी माणसं प्रश्न बदलून विचारतात, आणि मुलाच्या शरीराने गोळा केलेली हालचाल वाया जाते.

पारदर्शक नजर-पाटी : आमची पहिली पसंती

अ‍ॅक्रिलिकची आरपार दिसणारी पाटी, मध्ये खिडकी, कडेने अक्षरांचे गट. इंग्रजीत तिला ई-ट्रान म्हणतात. बॅटरी नाही, आवाज नाही, आणि नजर बऱ्यापैकी वळवता येणाऱ्या मुलासाठी शिकायला हिच्याइतकं थेट काही नाही. तयार मिळतात त्या बहुतेक रोमन लिपीच्या, त्यामुळे मराठीसाठी बनवून घेणं बरं.

आकार साधारण ४२ × ३० सेंटिमीटर. जाडी ३ मिलिमीटर. दोनची पाटी वाकते, पाचची धरून हात भरून येतो. मधली खिडकी १५ × १० सेंटिमीटर, कडा घासून गोल केलेल्या. कडेने आठ जागा : वर तीन, खाली तीन, डावीकडे एक, उजवीकडे एक. सात जागांवर व्यंजनं वर्गांप्रमाणे : क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म, य र ल व ळ, श ष स ह. आठव्या जागेवर स्वर, सहाच घरांत : अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ, आणि अनुस्वार. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, ङ आणि ञ हे समोरच्याने संदर्भाने ओळखायचं. बाराखडी पूर्ण मांडायचा मोह होतो, पण आठ जागांवर ती बसत नाही आणि बसवली तर अक्षरं मुंगीएवढी होतात.

गटातल्या प्रत्येक अक्षराला वेगळा रंग, जास्तीत जास्त सहा रंग. त्याच सहा रंगांचे ठिपके आठपैकी सहा जागांच्या बाहेरच्या कडेला. आता एक अक्षर म्हणजे दोन नजरा : आधी गटाकडे, मग अक्षराचा रंग जिथे आहे त्या ठिपक्याकडे. ‘म’ हवा असेल तर मूल प-वर्गाकडे बघतं, तिथे ‘म’ निळा आहे हे बघून निळ्या ठिपक्याकडे नजर नेतं, मग परत खिडकीतून तुमच्या डोळ्यांकडे. डोळे मध्ये आले म्हणजे अक्षर संपलं. ‘पाणी’ पूर्ण लिहायला आठ नजरा लागतात. सरावलेली जोडी ‘प’ आणि ‘ण’ इथेच थांबते, बाकीचं संदर्भावरून कळतं.

अक्षरं मुलाच्या बाजूने वाचता येतील अशी चिकटवा आणि मागून त्याच जागी तेच अक्षर पुन्हा, तुम्हाला सरळ दिसेल असं. हे विसरलं तर तुम्ही उलटी अक्षरं वाचत बसता. पाटी तुमच्या चेहऱ्यासमोर धरायची, मुलापासून साधारण ४५ ते ६० सेंटिमीटरवर, दोघांचे डोळे एका उंचीला. खोलीच्या खिडकीकडे पाठ करून बसू नका. तुमच्या मागून प्रकाश आला की मुलाला पाटी नुसती चकाकताना दिसते.

चुका बहुतेक धरणाऱ्याच्या असतात. मूल अजून शोधत असतं तेवढ्यात गट जाहीर करणं ही पहिली. शोधणारी नजर उड्या मारते, निवडणारी थबकते, हा फरक ओळखायला थोडे दिवस द्यावे लागतात. दुसरी म्हणजे स्वतःचे डोळे पाटीवर फिरवणं : मूल तुमच्या नजरेमागे जातं आणि निघतात तुमचेच शब्द. खालच्या तीन जागा वाचायला कठीण, कारण खाली बघताना पापण्या बुबुळ झाकतात. तिथे कमी लागणारी अक्षरं ठेवा, उदाहरणार्थ ट-वर्ग आणि च-वर्ग.

लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलासाठी याच पाटीवर चार कोपऱ्यांत चार चित्रं लावा, नंतर वाढवा. मेंदूतल्या इजेमुळे दृष्टीचा अर्थ लावण्यात अडचण असेल तर आरपार पाटी उपयोगाची नाही, कारण मागचं सगळं दृश्य अक्षरांत मिसळतं. अशा मुलाला काळ्या पार्श्वभूमीवर एका वेळी दोनच ठळक चित्रं.

चित्रांची वही

१९७१मध्ये टोरंटोत शर्ली मॅक्नॉटन आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना चार्ल्स ब्लिस यांची चिन्हलिपी शिकवायला घेतली. ती चिन्हं मुळात वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना एकमेकांशी लिहून बोलता यावं म्हणून रचलेली होती. मुलांनी ती आपलीशी केली, चिन्हं जोडून नवे अर्थ तयार केले. बोलता न येणाऱ्या मुलाकडे सांगण्यासारखं बरंच असतं, याची ती जाहीर खूण होती. आज बहुतेक वह्यांत सोपी चित्रं असतात. ऑस्ट्रेलियातल्या गेल पोर्टर यांच्या पीओडीडी पद्धतीच्या वह्या आम्हाला सर्वांत विचारपूर्वक वाटतात, कारण त्यांत पान उलटायची सूचनाही पानावरच असते आणि समोरचा माणूसही बोलताना चित्रं दाखवत जातो.

वहीत नामांची गर्दी ही नेहमीची चूक. सफरचंद, चेंडू, हत्ती यांची पानंच्या पानं आणि ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘संपलं’, ‘माझं’, ‘कुठे’, ‘दुखतंय’, ‘वेगळं काहीतरी’ यांना जागाच नाही. दिवसभराच्या बोलण्याचा मोठा भाग अशा थोड्या शब्दांवर चालतो. ते प्रत्येक पानावर त्याच ठिकाणी हवेत. जागा बदलली की हाताची आणि नजरेची सवय मोडते.

हात अजिबात नेम धरत नसेल तर तुम्ही ओळींवर बोट ठेवत, शब्द मोठ्याने म्हणत जायचं आणि मुलाने ‘हो’ची खूण करायची. वेग एकसारखा ठेवा. योग्य ओळीवर आवाज चढवून मदत करायची सवय लागली तर ते मुलाचं उत्तर राहत नाही.

टॅबलेट आणि जाळी

हाताने एखादी गोष्ट नेमकी दाबता येते, भले हळू, अशा मुलासाठी टॅबलेट उत्तम. मात्र दोन गोष्टींशिवाय घेऊ नये. पहिली म्हणजे स्क्रीनवर बसणारी छिद्रांची अ‍ॅक्रिलिकची जाळी. हात तिच्यावर टेकवता येतो, घसरला तर चुकीचं घर दाबलं जात नाही, बोट छिद्रात जातं. छिद्रं संवादाच्या अ‍ॅपमधल्या घरांशी, म्हणजे चित्रांच्या चौकोनांशी, तंतोतंत जुळायला हवीत. म्हणून आधी किती घरांची मांडणी हे ठरवा आणि मग जाळी घ्या. अपडेटनंतर मांडणी दोन मिलिमीटर सरकली तरी जाळी निकामी होते.

दुसरी म्हणजे स्पर्शाच्या सेटिंग्ज. आयपॅडवर ‘टच अ‍ॅकोमोडेशन्स’ या नावाखाली तीन गोष्टी आहेत : बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श धरायचा, लागोपाठचे स्पर्श दुर्लक्षित करायचे का, आणि पहिला स्पर्श धरायचा की बोट उचललं ती शेवटची जागा. थरथरणाऱ्या हाताला शेवटचा पर्याय लाभतो, बोट टेकून सरकवत नेता येतं. ताठर हाताला बोट उचलणंच अवघड, त्याला टेकल्याचा वेळ कामी येतो. ०.२ सेकंदापासून सुरू करून बघा. अ‍ॅपमधून बाहेर पडता येऊ नये म्हणून ‘गायडेड अ‍ॅक्सेस’ लावा, अँड्रॉइडवर अ‍ॅप पिन करायची सोय आहे.

मराठी आवाज विकत घेण्याआधी ऐका. ‘मला बाहेर जायचं आहे’ हे वाक्य ‘मी बाहेर जाणे’ असं बोलणारं यंत्र मोठ्या मुलाला लाजिरवाणं वाटतं. क्रियापदांची रूपं हाताने घालता येतात का हे विचारा.

बटण आणि सरकता प्रकाश : गरजेपुरतं

एक बटण, समोर घरांच्या ओळींवरून सरकणारा प्रकाश, हव्या ओळीवर दाबायचं, मग त्या ओळीतल्या घरावर दाबायचं. कल्पना साधी आहे, म्हणून डॉक्टरांपासून विक्रेत्यांपर्यंत सगळे हिच्याकडे आधी वळतात. आमचं मत वेगळं आहे : सेरेब्रल पाल्सीत एका बटणाने सरकता प्रकाश पकडणं हे सर्वांत कठीण कामांपैकी एक आहे. त्यात नेमक्या क्षणी हालचाल सुरू करावी लागते, आणि नेमका क्षण साधणं हीच या शरीराची अडचण.

हिशोब करून बघा. सहा बाय सहाची छत्तीस घरं, एका घरावर प्रकाश १.५ सेकंद. सरासरीने ओळीसाठी साडेतीन आणि घरासाठी साडेतीन पावलं, म्हणजे एका अक्षराला साडेदहा सेकंद. ‘पाणी’ला ४२ सेकंद, आणि तेही एकही चूक न होता. नेहमी लागणारी अक्षरं वरच्या डाव्या कोपऱ्यात आणली की हा वेळ कमी होतो. वर्णमालेच्या क्रमाने लावलेली मांडणी शाळेसाठी छान, बोलण्यासाठी नाही.

दोन बटणं जमत असतील तर दोनच घ्या. एक पुढे सरकवायला, दुसरं निवडायला. प्रकाश मुलाच्या हुकमाने सरकतो, वेळेची घाई जाते. दाबायच्या खेपा वाढतात, थकवा थोडा जास्त येतो, पण चुका आणि चिडचिड कमी होते.

बटणाची जागा ठरवताना एक जुनी प्रतिक्षिप्त क्रिया ध्यानात ठेवा. डोकं एका बाजूला वळलं की त्या बाजूचा हात सरळ होतो आणि दुसरा कोपरातून दुमडतो. बाळांमध्ये ती सहा महिन्यांच्या सुमारास मावळते, सेरेब्रल पाल्सीत अनेकदा राहते. आता स्क्रीन डावीकडे आणि बटण उजव्या हाताखाली असेल तर काय होतं? मूल स्क्रीनकडे बघतं, डावा हात ताठ होतो, उजवा बटणावरून उचलला जातो. बटणाकडे बघून दाबावं तर प्रकाश पुढे गेलेला. स्क्रीन मध्यरेषेवर आणि बटणही शक्य तितकं मध्यरेषेजवळ हा पहिला उपाय. डोक्याने दाबायचं बटण असेल तर मान वळवून नव्हे, किंचित कलती करून लागेल असं गालाजवळ बसवा.

हातासाठी सुमारे ६ सेंटिमीटरचं गोल बटण पुरेसं, नेम फार चुकत असेल तर १२ सेंटिमीटरचं. दाबणं जमतं की नाही एवढंच बघू नका, सोडणं किती वेळात होतं तेही बघा. हात बटणावरच अडकत असेल तर सेटिंगमध्ये पुन्हा-पुन्हा दाबलं जाणं बंद करा. मोठा खट्ट आवाज करणारं बटण दचकणाऱ्या मुलाला नको. दचकलं की हात उडतात आणि बटण परत सापडेपर्यंत प्रकाश दोन फेऱ्या मारून येतो. जोडणी साध्या ३.५ मिलिमीटर पिनची असेल तर एका कंपनीचं बटण दुसऱ्या यंत्राला लागतं. टॅबलेटला मात्र मध्ये ब्लूटूथची किंवा यूएसबीची डबी लागते, ती किमतीत धरलेली आहे का बघून घ्या.

पहिलं बटण खेळण्याला जोडून देणं ठीक. पण ‘आधी खेळणं नीट चालवून दाखव, मग शब्द’ ही अट घालणारं केंद्र असेल तर दुसरं केंद्र शोधा.

नजरेवर चालणारं यंत्र

याची जाहिरात सर्वांत देखणी, आणि योग्य मुलासाठी जाहिरात खरीही ठरते. स्क्रीनखालची पट्टी डोळ्यांवर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकते, कॅमेरा बाहुलीचं केंद्र आणि बुबुळावरचा चमकता ठिपका यांच्यातलं अंतर मोजतो, त्यावरून नजर कुठे आहे ते काढतो. हात, पाय, मान काहीच साथ देत नाही पण डोळे देतात अशा डिस्कायनेटिक मुलासाठी याला तोड नाही. संगणक असेल तर विंडोजमधली २०१७पासूनची नजर-नियंत्रणाची सोय किंवा ऑप्टिकी हे मोफत सॉफ्टवेअर, आणि सोबत चालणारी नजर-पट्टी घेऊन अंदाज घेता येतो. आयपॅडमध्ये २०२४च्या आवृत्तीपासून समोरच्या कॅमेऱ्यावर चालणारी सोय आली आहे. ती डोकं बऱ्यापैकी स्थिर असणाऱ्यांसाठी. मान सतत हलणाऱ्या मुलावर तिच्यावरून निकाल देऊ नये.

बसवताना अंतर ६० सेंटिमीटरच्या आसपास, स्क्रीन चेहऱ्याला समांतर, मध्य डोळ्यांच्या उंचीला. कॅलिब्रेशन, म्हणजे बिंदूंकडे बघायला लावून यंत्राला डोळ्यांची ओळख करून देणं, पाच बिंदूंचं पहिल्या दिवशी जमलं नाही तर एक किंवा दोन बिंदूंवर समाधान माना आणि घरं मोठी ठेवा. बिंदूच्या जागी हलणारं चित्र लावता येत असेल तर लावा. नजर किती वेळ टेकल्यावर निवड धरायची ते ०.८ ते १.२ सेकंदापासून सुरू करा. जास्त ठेवलं तर सुरक्षित वाटतं, पण डोळे तेवढा वेळ एका जागी धरणंच ज्याला जमत नाही त्याला काहीच निवडता येत नाही.

काय बिघडतं? ऊन. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो, कॅमेरा ठिपका हरवतो आणि यंत्र बाहेर मुकं होतं. ओरखडे असलेला किंवा चकाकणारा चष्मा, खाली आलेली पापणी, लुकलुकणारी बुबुळं हेही आड येतात. तिरळेपणा असेल तर एकाच डोळ्यावर मागोवा लावायची सोय बहुतेक यंत्रांत आहे, ती आधी वापरून बघा. सर्वांत मोठी अडचण यंत्राची नाहीच : जिथे बघाल ते बोललं जातं. मूल नुसतं पान चाळत असतं आणि यंत्र ‘भूक, शू, आजी, भूक’ म्हणत सुटतं. एक रिकामं विश्रांतीचं घर आणि ‘थांब’चं घर पहिल्या दिवसापासून ठेवा. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरेत. डोळ्यांचे स्नायूही थकतात.

आमचा सल्ला : नजर-पाटीवर जमलेलं मूल यंत्रावर लवकर रुळतं, पण पाटीवर जमलं नाही म्हणून यंत्र नाकारू नये. पाटीला समोर तयार माणूस लागतो, यंत्राला लागत नाही. उलट यंत्राला स्टँड लागतो. चाकाच्या खुर्चीला अडकवायचा स्टँड वेगळा, पलंगाशेजारी उभा करायचा वेगळा, आणि ट्रेवर नुसतं टेकवून ठेवलेलं यंत्र पहिल्याच झटक्यात खाली येतं.

चाचणीसाठी यंत्र मागाल तेव्हा दोन आठवड्यांपेक्षा कमी मुदत मान्य करू नका. मुलाला त्याच्याच खुर्चीत बसवा, दुकानाच्या नव्हे. सकाळी ताजं असताना एकदा आणि संध्याकाळी दमल्यावर एकदा बघा, घरातल्या नसलेल्या माणसाला समोर बसवून एकदा बघा. स्नायू सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर थांबा. परिणाम साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो, आणि तेव्हाच्या हाताला बटणाची जागा परत बदलावी लागते. एरवीही दर सहा महिन्यांनी खुर्ची आणि साधन दोन्ही एकत्र तपासून घ्या. शब्दसंग्रहाची फाइल दुसऱ्या यंत्रावर नेता येते का हे लेखी विचारा, महिन्यातून एकदा तिची प्रत काढा, आणि मुख्य पानाचा छापील, लॅमिनेट केलेला कागद खुर्चीच्या खिशात ठेवा.